मनगटावरचा विंचू

माझा नातू टीव्हीवर फुटबॉल बघतो आणि मधूनमधून मला ऑफसाइड म्हणजे काय ते समजावून सांगतो. मी मान डोलावते. आजीला यातलं काही कळत नाही अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे आणि ती मोडण्याची मला कधी गरज वाटली नाही. धुळ्याला एका गच्चीच्या कठड्याआड उकिडवी बसून मी पंचाला मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या आहेत, त्या तोंडाबाहेर पडल्या असत्या तर मायनं मला घरात घेतलं नसतं. तो पंच पोलिसातला हवालदार होता. पोट सुटलेला, मैदानाच्या मध्यावर छत्री उघडून उभा राहायचा आणि तिथूनच शिट्टी वाजवायचा. चेंडू कुठल्याही टोकाला असो, निकाल छत्रीखालून यायचा. त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. माझे राग सहसा जात नाहीत, हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कोणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवायला नको.

आमचं घर मैदानापासून दोन गल्ल्या अलीकडे होतं. आबा, म्हणजे माझे वडील, कोर्टात कारकून. ते शहरी मराठी बोलायचे आणि आम्हीही तसंच बोलावं असा त्यांचा आग्रह असायचा. माय शिंदखेड्याकडच्या शेतकऱ्याघरची. ती जन्मभर अहिराणीच बोलली. आबांनी कितीही तोंड वाकडं केलं तरी तिनं आपलं बोलणं सोडलं नाही. सकाळी कापसाच्या जिन कारखान्याचा भोंगा व्हायचा तेव्हा तिची कळण्याची पहिली भाकरी तव्यावरून उतरत असायची आणि वरवंट्याखाली मिरचीचा ठेचा रगडला जात असायचा, त्या ठसक्यानं आम्ही जागे व्हायचो. माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही भाऊच म्हणायचो, गावच्या टीमचा कॅप्टन होता. मॅचच्या दिवशी माय त्याच्या ताटात डाळीचे वाफवलेले फुणके वाढून वर कढी ओतायची, आणि तो "जड होईल, जड होईल" म्हणत सगळं संपवायचा. जेवताना तो आबांना खेळाचं सांगायचा आणि मी वाढता वाढता ऐकायची. मुलीनं काही विचारायचं नाही एवढंच होतं. ऐकायला बंदी नव्हती.

माझ्या दिसण्याबद्दल दोन गोष्टी इथेच सांगायला हव्यात. लहानपणी मला देवी येऊन गेल्या होत्या, त्यांचे वण दोन्ही गालांवर राहिले. आणि मामाच्या गावच्या जत्रेत मायनं माझ्या उजव्या मनगटावर एक विंचू गोंदवून घेतला होता, नांगी वर केलेला, हिरवट निळा. आबांना ते अजिबात आवडलं नव्हतं. शहरातल्या स्थळांना गोंदलेली मुलगी गावंढळ वाटते असं त्यांचं म्हणणं. माय म्हणायची, माझी पोर गर्दीत हरवली तर ह्या विंचवावरून मी तिला ओळखेन.

मथुरा ही माझी मैत्रीण. एकुलती एक म्हणावी अशी, कारण तिलाही माझ्याशिवाय कोणी नव्हतं. तिच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ अगदी मैदानाच्या समोर होता. त्यांना मी काका म्हणायची. तिची आई लहानपणीच गेलेली आणि घरात एक आत्या, जी मला क्रोशाचं विणकाम शिकवायची. म्हणजे शिकवायला बसायची आणि थोड्याच वेळात भिंतीला टेकून घोरायला लागायची. त्यामुळे मी एवढी वर्षं त्या घरी गेले, तरी मला एक धड रुमाल विणता आला नाही.

शिकले ते दुसरंच. वरच्या मजल्यावर छपराला मोठी काच बसवलेली होती, तिच्याखाली गिऱ्हाइकांना बसवून काका फोटो काढायचे. तेव्हा फोटो काचेच्या प्लेटीवर उतरायचा. गिऱ्हाइकाला कागदावरची प्रत मिळायची, प्लेट मात्र स्टुडिओतच राहायची. हा त्या धंद्याचा रिवाज होता. प्लेटीवर हात फिरवण्याचं काम मथुराचं. खिडकीपाशी एक उतरतं मेज होतं, त्यात प्लेट उभी करून ती सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं आणि एका बारीक सुरीनं तासन्‌तास काम करत बसायची. प्लेटीवर सगळं उलटं असतं, तिनं मला शिकवलं होतं. पेन्सिलीनं जिथे भराल तिथे फोटोत उजळ होतं, आणि सुरीनं जिथे खरवडाल तिथे काळं. लग्नाच्या मुलींच्या चेहऱ्यावरचे डाग, वण, सुरकुत्या ती पेन्सिलीनं अशा नाहीशा करायची की त्यांच्या आयांनाही आपल्या पोरी नव्यानं दिसायच्या. आणखी एक गोष्ट मला तिथेच कळली, की त्या प्लेटींना निळा रंग नीट दिसायचा नाही. निळं लुगडं फोटोत पांढरं यायचं. हे का सांगते आहे ते पुढे कळेल.

खेळाचा हंगाम पावसाळ्यातला. काळी माती भिजून तिचा असा चिखल व्हायचा की अर्ध्या खेळानंतर दोन्ही टीमचे कपडे एकाच रंगाचे दिसायचे. पोरं अनवाणी खेळायची. चेंडू चामड्याचा, भिजला की एवढा जड व्हायचा की त्याला लाथ मारल्याचा आवाज आम्हाला स्टुडिओच्या गच्चीवर ऐकू यायचा. मैदानाभोवती गर्दी, लिंबाच्या झाडांवर माणसं, कोणी रॉकेलचा डबा बडवतोय, आणि शेंगदाणेवाल्यांची नुसती धमाल. आम्ही दोघी कठड्याआड. ओरडायची सोय नव्हती. म्हणून चेंडू गोलाजवळ आला की मी वेणीचं टोक दातात धरायची आणि मथुरा माझं मनगट धरायची, विंचवाच्या जागी. तिची नखं रुतायची. घरी गेल्यावर मी डाव्या हातानं मनगट झाकून वाढायची. तिला खरं तर खेळात फारसा रस नव्हता. भाऊ कुठल्या बाजूनं खेळतोय हेही ती कधीकधी विसरायची. ती माझ्याकडे बघायची आणि माझ्या तोंडावरून तिला खेळ कळायचा.

माझा जीव होता सदूवर. गैरसमज नको. सदू आमचा गोलकीपर, जिनातल्या फिटरचा मुलगा, सगळ्यांत वेगळी पिवळी जर्सी घालणारा. बाकीचे दहा जण एकमेकांना हाका मारत पळायचे आणि हा एकटा दोन खांबांच्या मध्ये उभा असायचा. बराच वेळ त्याला काहीच काम नसायचं. आणि मग एकदम सगळंच त्याच्यावर यायचं. मला ते उभं राहणं आवडायचं. तो मला रस्त्यात भेटला असता तर मी मान खाली घालून गेले असते आणि मला काही वाटलंही नसतं. पण त्या खांबांमध्ये उभं राहून बघावं असं मात्र फार वाटायचं.

त्या वर्षी आम्ही भुसावळहून आलेल्या रेल्वेच्या टीमला हरवलं. त्यांच्या पायांत बूट होते. शेवटी शेवटी त्यांनी असा काही मारा केला की मी डोळे मिटून घेतले होते, आणि मथुरा मला सांगत होती, अडवला, परत अडवला. दुसऱ्या दिवशी जर्स्या धुऊन, वाळवून सगळी टीम स्टुडिओत आली, ग्रुप फोटो झाला आणि जर्स्यांचं गाठोडं भाऊनं तिथेच ठेवलं, उद्या नेतो म्हणून. दुपारी काका कुठल्याशा लग्नाचे फोटो काढायला शिरपूरला गेले. आत्या घोरायला लागली. मथुरानं गाठोडं सोडलं आणि पिवळी जर्सी माझ्यापुढे धरली.

मी नाही म्हणाले नाही. आजही म्हटलं नसतं. परकर खोचला, वेणी गाठोड्यातल्या भाऊच्या टोपीत कोंबली, जर्सी अंगात घातली. बाह्या लांब होत्या, त्या वर सारल्या. धुतलेल्या कापडालाही चिखलाचा वास येत होता. मथुरानं मला काचेखाली उभं केलं, चेंडूवर पाय ठेवायला लावला, उजवा हात उचलून माझ्या कमरेवर नीट ठेवला आणि काळ्या कापडाखाली शिरली. ती काकांसारखाच आवाज काढून म्हणाली, हलायचं नाही. मी हलले नाही. दोन खांबांमध्ये उभी होते मी. तेवढा वेळ आयुष्यात मी कोणाची मुलगी नव्हते, कोणाची बहीण नव्हते.

फोटो झाल्यावर तिनं आपण होऊन आईची शपथ घेतली, मेलेल्या आईची, की एकच प्रत काढीन, ती तुला देईन आणि प्लेट खरवडून धुऊन टाकीन. आणि मी इतकी खुशीत होते की मनात दडवून ठेवलेली बातमी तिला सांगून टाकली. जळगावची माझी मावशी शाळेत शिकवायची. बालविधवा, करारी बाई. तिनं आबांना गळ घातली होती की पोरीला माझ्याकडे पाठवा, मी तिला इंग्रजी शिकवते, मॅट्रिकला बसवते. मावशी तीन वर्षं मागे लागली होती आणि आबा अखेर हो म्हणाले होते. दिवाळीनंतर मी जाणार होते. मथुरानं विचारलं, परत कधी येशील. मी जर्सीची घडी घालत म्हणाले, येईन की सुट्टीत. माझं लक्ष घडीकडे होतं.

थोड्या दिवसांनी तिनं मला प्रत दिली. माझे वण तसेच होते, टोपीतून एक बट सुटली होती. विंचू मात्र दिसतच नव्हता. निळा रंग प्लेटीनं खाल्ला होता. मनगटावर नुसती एक पुसट सावली आली होती. मला त्याचं बरंच वाटलं. मी तो फोटो माझ्या पेटीत तळाच्या कागदाखाली ठेवला आणि रोज एकदा काढून बघायची.

मग भाऊच्या ग्रुप फोटोचं पाकीट घरी आलं. दसरा जवळ आला होता, माय ओसरीवर वांगी भाजत होती, भरिताचा वास सगळ्या घरात होता. आबांनी पाकीट उघडलं, ग्रुप फोटो बघितला, कौतुक केलं. त्याच्या मागून आणखी एक फोटो निघाला, पुठ्ठ्यावर चिकटवलेला, वर पातळ कागद लावलेला. आबांनी तो उजेडात धरला आणि भाऊला विचारलं, "हा मुलगा कोण रे? तुमच्यातला दिसत नाही." मी तवा धरून दारात उभी होते. माझ्या हातातून तो पडला नाही, एवढंच मला आठवतं. भाऊ म्हणाला, जर्सी सदूची आहे, पण हा सदू नाही. मग मायनं राखेचे हात पुसून फोटो घेतला. बराच वेळ बघितला.

"हाऊ विंचू मीच गोंदाडेल शे," ती म्हणाली.

आबा ओरडले नाहीत. ओरडणारा माणूस नव्हता तो. त्यांनी मला एवढंच विचारलं, की ही जर्सी त्या मुलानं तुला दिली का. मी नाही म्हणाले, सगळं खरं सांगितलं. भाऊनं माझी बाजू घेतली, गाठोडं मीच तिथे ठेवलं होतं म्हणाला. आबांनी ऐकून घेतलं. पण परक्या पोरानं घामानं भिजवलेला कपडा आपल्या मुलीनं अंगात घातला, त्याचा फोटो निघाला, आणि हा फोटो आणखी कोणाकोणाच्या पाकिटातून गेला असेल, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. त्याच आठवड्यात मावशीला नकार कळवला. मथुराचा निरोप आला, की पाकिटं भरताना नोकराची चूक झाली. मी त्यावर विश्वास ठेवला. का ठेवणार नाही?

पण एका दुपारी घरात कोणी नव्हतं आणि आबांच्या मेजावर तो फोटो दिसला. मी पेटीतली माझी प्रत काढून त्याच्या शेजारी ठेवली. फोटो एकच होता, बट तीच, उभं राहणं तेच. फक्त मेजावरच्या फोटोत माझ्या गालांवर एकही वण नव्हता. मी सुंदर दिसत होते, खरंच सांगते, मी स्वतःला तशी कधी बघितली नव्हती. आणि मनगटावर विंचू होता. काळाभोर, नांगीचा सांधा न्‌ सांधा स्पष्ट. प्लेटीला जो दिसलाच नव्हता, तो कोणीतरी सुरीच्या टोकानं प्लेटीवर कोरून काढला होता. धुळ्यात ते काम करणारा हात एकच होता. जी प्लेट ती शपथेवर धुऊन टाकणार होती, तिच्यासमोर ती दिवसभर बसली होती. आधी पेन्सिलीनं माझे गाल उजळले, आणि मग सुरी घेतली, म्हणजे मायनं मला ओळखावं.

मी दोन्ही फोटो हातात धरून तशीच बसले होते, तेवढ्यात माय आली. तिनं माझी प्रत ओढून घेतली आणि चुलीत घातली. मी तिला अडवलं नाही.

यापुढचं भराभर झालं. मुलगी घरात ठेवण्यात अर्थ नाही असं ठरलं आणि फैजपूरचं स्थळ आलं, केळीच्या बागा असलेलं. त्यांना मुलीचा फोटो हवा होता. गावात स्टुडिओ तो एकच. आबा मला घेऊन गेले. ते आणि काका खाली बोलत बसले आणि माझा पदर नीट करायला मथुरा वर आली. काचेखाली तीच खुर्ची. तिनं माझा उजवा हात उचलून मांडीवर ठेवला आणि हळूच विचारलं, गोंदणाची सावली येते, तीही काढून टाकू का फोटोतून? मोठ्या घरांना आवडत नाही. तिच्या आवाजात काही नव्हतं, रोज विचारते तसं विचारलं तिनं. मी म्हटलं, तुला कोरता येतं तसं काढताही येतं, मला माहीत आहे. तिचा हात माझ्या हातावर तसाच राहिला. का केलंस, एवढंच मी विचारलं.

आम्ही दोघीच असलो की अहिराणीत बोलायचो. ती म्हणाली, "तू जळगावले जाशी, तं मी कोणाजोडे बसू?" आणि माझ्या पदराची घडी नीट करत, "माले वाटनं, तुले घरमा ठेवतीन. लगीन करी देतीन असं वाटनं नही."

जिन्यावर काकांची पावलं वाजली. ती कॅमेऱ्याकडे गेली. तिनं हे द्वेषानं केलं असतं, माझा हेवा वाटून केलं असतं, तर मला सोपं गेलं असतं. मी तिला चार लोकांत बोलले असते आणि मोकळी झाले असते. पण तिनं मला जवळ ठेवण्यासाठी माझी शाळा मोडली होती, आणि ते ती असं सांगत होती, की मीच आता तिची समजूत घालावी. मला तिचा हात पकडून पिरगाळावासा वाटला. मी हलले नाही. फोटोसाठी हलायचं नसतं.

त्या फोटोत माझे गाल स्वच्छ आहेत आणि मनगट कोरं. लग्नानंतर सासूबाईंनी बांगड्या भरताना माझा हात धरला, आणि बघतच राहिल्या. "फोटोत त हा विंचू नव्हता, माय," त्या म्हणाल्या.  माणसं वाईट नव्हती. यजमानही भले होते. त्यांना फुटबॉल हा गोऱ्यांच्या डोक्यातला खुळेपणा वाटायचा, पण भले होते. पावसाळ्यात संध्याकाळी केळीच्या पानांवर पाऊस वाजायला लागला की मला चेंडूला लाथ बसल्याचा आवाज यायचा. मग मी उगाचच भांडी घासायला काढायची. मावशी एकदा आली होती, माझ्याकडून चार ओळी वाचून घेतल्या आणि काही न बोलता चष्मा पुसत बसली. मला आजवर कोणी बोलून जेवढं दुखावलं नसेल, तेवढं त्या बाईनं न बोलता दुखावलं.

भाऊ पुढे कित्येक वर्षं खेळत होता. तो सांगायचा, मॅचच्या दिवशी स्टुडिओची गच्ची बंद असते, वर कोणी नसतं. मथुरानं लग्न केलं नाही, काकांच्या मागे स्टुडिओ तिनंच चालवला. भाऊकडून तिनं दोनदा निरोप पाठवला, धुळ्याला आलीस की ये. मी धुळ्याला पुष्कळदा गेले. तिच्याकडे गेले नाही. ती गेल्याचं कळलं तेव्हा मी मिरच्या वाळत घालत होते, त्या सगळ्या घालून झाल्यावर हात धुतले आणि मग रडले. माफ केलं म्हणून नाही. माझ्या तोंडावरून खेळ ओळखणारं पुन्हा कोणी भेटलं नाही, म्हणून.

आबा गेल्यावर त्यांच्या कोर्टाच्या कागदांत लाल फितीनं बांधलेला तो पिवळ्या जर्सीचा फोटो निघाला. त्यांनी तो का ठेवला होता, मला कळलेलं नाही. फाडला असता तर बरं झालं असतं. आता माझ्याकडे हे दोनच फोटो आहेत, एकात विंचू काळा, दुसऱ्यात नाहीच. जो खरा होता तो मायच्या चुलीत गेला.

परवा नातवाच्या हाती तो फोटो लागला. आजी फुटबॉल खेळायची म्हणून त्यानं घर डोक्यावर घेतलं. मग त्यानं माझा हात ओढून मनगट बघितलं. गोंदण आता पसरून फिकट झालंय, नांगी तर दिसतच नाही. फोटोत केवढा काळा आहे हा, तो म्हणाला, आणि इथे काहीच नाही.

"तो माझा विंचू नाही," मी म्हटलं. "माझ्या मैत्रिणीचा आहे."